अमळनेरचा खोटा कडा

3 डिसेंबर 2024 रोजी विप्रोचा शेअर निम्म्यावर आला. आदल्या दिवशी 580-585 रुपयांच्या घरात बंद झालेला भाव त्या सकाळी 290च्या घरात उघडला. मी संगणकावर भावाचे आलेख काढायला शिकत होतो आणि सरावाला हाच शेअर घेतला होता. एक्सचेंजच्या रोजच्या फायली जोडून काही वर्षांचे भाव एका रांगेत लावले, आलेख काढला आणि पडद्यावर कडा उभा राहिला. पाटणादेवीच्या रानातून वर बघावं तसा, सरळसोट. माऊस कड्याच्या तळाशी नेला, तर आलेख इमानेइतबारे तारीख आणि भाव सांगत होता.

मी चरकलो. विप्रो जिथं जन्मली, त्या अमळनेरात मात्र त्या दिवशी कुणाच्या घरी चूल थंड राहिली नसणार. विप्रोने एकास एक बोनस दिला होता आणि बोनसनंतरचा भाव त्या सकाळपासून लागू झाला होता. दहा शेअरचे वीस झाले, प्रत्येकाची किंमत निम्मी झाली. भाकरीचे चार तुकडे करा नाहीतर आठ, भाकरी तेवढीच.

विप्रोच का घेतला, हे खानदेशातल्या वाचकाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला 29 डिसेंबर 1945 रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या लांबलचक नावाचं पुढे ‘विप्रो’ झालं. भुईमूग या भागात पिकायचा, तेव्हा तेल इथंच काढायचं, असा साधा हिशोब. तेलातून उरलेल्या मालाचा कपडे धुण्याचा साबण व्हायचा, त्याचं नाव ‘787’. 1946 साली कंपनीने 100 रुपये दर्शनी किमतीचे शेअर लोकांना विकले आणि गावातल्या काही घरांत ते कागद आले. 1966 साली महंमद प्रेमजी वारले. एकवीस वर्षांचा अझीम स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून परत आला आणि तेल-साबणाची कंपनी यथावकाश संगणकाची झाली. ज्यांनी कागद विकले नाहीत, त्यांच्या ट्रंकेत काय साठत गेलं, ते नंतर देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापलं.

लांबचा इतिहास सोडा, अलीकडचे बोनस बघू. 2010 साली तिनास दोन, 2017 साली एकास एक, 2019 साली तिनास एक आणि 2024 साली पुन्हा एकास एक. 2010च्या आधी एखाद्याकडे 9 शेअर असतील, तर त्यांचे 15 झाले, मग 30, मग 40, मग 80. त्याने काही केलं नाही, नुसता बसून राहिला. याच काळाचा कच्चा भाव आलेखावर मांडला, तर शेअर चार वेळा कोसळलेला दिसतो. घरातली मोजणी नवाची ऐंशी झाली आणि पडद्यावर चार दऱ्या.

उपाय सोपा आहे. 3 डिसेंबर 2024च्या आधीचे सगळे भाव दोनाने भागायचे. 2019च्या बोनसआधीचे आणखी पाऊणपट करायचे, 2017च्या आधीचे पुन्हा निम्मे, 2010च्या आधीचे पुन्हा तीन पंचमांश. सगळे गुणाकार केले की 9 भागिले 80 हा अपूर्णांक उरतो. 9 शेअरचे 80 झाले, त्याचंच उलटं रूप. किती शेअरची उलाढाल झाली, तो आकडा मात्र त्याच प्रमाणात वाढवायचा. नाहीतर जुन्या दिवसांत कुणी व्यवहारच करत नव्हतं, असं वाटेल. याला ‘समायोजित भाव’ म्हणतात. इंटरनेटवरून फुकट मिळणारे भाव बहुतेकदा असे आधीच समायोजित असतात. एक्सचेंजच्या रोजच्या कच्च्या फायली तशा नसतात, आणि मी नेमक्या त्याच वापरल्या होत्या. राष्ट्रीय शेअर बाजार या रोजच्या फायलीला ‘भावकॉपी’ म्हणतो. इतक्या इंग्रजी कारभारात आपला ‘भाव’ तेवढा तग धरून राहिला आहे.

एक गोष्ट या अपूर्णांकात बसत नाही. 2013 साली विप्रोने साबण, दिवे वगैरेंचा धंदा वेगळ्या कंपनीत नेला, आणि ती कंपनी शेअर बाजारात नाही. म्हणजे 1946 साली ज्या तेल-साबणासाठी लोकांनी शंभर रुपये काढून दिले, तो धंदा आज विप्रोच्या भावाच्या आलेखात नाहीच.

आता हत्याराकडे येतो. पायथॉन ही संगणकाला काम सांगण्याची भाषा. तिच्यात आलेख काढायचे म्हणजे प्रत्येक रेघ, प्रत्येक ठिपका स्वतः काढत बसायचा नाही. ते काम दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं आणि त्या तयार कामाच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. शब्दावरून पुस्तकांची कपाटं डोळ्यांपुढे येतात, पण मला मांडववाला जवळचा वाटतो. लग्नघरच्यांनी किती पंगती, स्टेज कुठे, तोंड कोणत्या दिशेला एवढं सांगायचं. बांबू, दोऱ्या, कनाती त्याच्या. पण पाहुण्यांची यादी चुकली, तर दोष मांडववाल्याचा नाही.

भावाच्या आलेखासाठी मला दोन लायब्रऱ्या लागल्या. पहिली पांडाज. नाव प्राण्यावरून पडल्यासारखं वाटतं, पण ते ‘पॅनेल डेटा’ या सांख्यिकीतल्या शब्दावरून आलं आहे. वेस मॅकिनी या तरुणाने 2008 साली एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीत काम करताना ती लिहायला घेतली. त्याला रोज भावांचे तक्ते हाताळावे लागत आणि हाताशी असलेली साधनं त्याला पुरत नव्हती. म्हणजे ती जन्मालाच आली भावांच्या हिशोबासाठी. दुसरी प्लॉटली, माँट्रियलमधल्या याच नावाच्या कंपनीची. तिचा चित्रं काढणारा गाभा 2015च्या नोव्हेंबरात सर्वांना मोफत खुला झाला.

प्लॉटली आणि जुन्या लायब्रऱ्या यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. मॅटप्लॉटलिबसारखी जुनी लायब्ररी आलेखाचा फोटो काढून देते, तो पुस्तकात छापायला उत्तम. प्लॉटली फोटो काढत नाही, वर्णन लिहिते. त्या वर्णनाचे दोन भाग: एकात माहिती, म्हणजे कोणत्या तारखेला कोणता भाव. दुसऱ्यात मांडणी, म्हणजे रंग, अक्षरं, पट्ट्या, शीर्षक. हे वर्णन ब्राउझरकडे जातं आणि तिथं जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला तिचा दुसरा अर्धा भाग ते वाचून चित्र रंगवतो. चित्र तुमच्या डोळ्यांसमोर रंगत असल्यामुळे ते हलवता येतं. बोट टेकवलं की त्या दिवसाचा भाव दिसतो, चौकट ओढली की तेवढाच आठवडा मोठा होतो, खालची पट्टी सरकवली की पाच वर्षं मागे जाता येतं. सगळं मिळून एकच फाइल होते. चित्र रंगवणारा भाग फाइलीतच भरला, तर ती काही एमबींची होते, पण ती नेट नसलेल्या मोबाइलवरही उघडते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला आलेख शिरपूरच्या शेतात, रेंज नसताना बघता येतो तो यामुळे.

शेअरच्या भावासाठी प्लॉटलीत ‘कँडलस्टिक’ नावाचा तयार प्रकार आहे. त्याला पाच रकाने लागतात: तारीख, खुला भाव, उच्चांक, नीचांक, बंद भाव. दिवसाची एक मेणबत्ती. खुला आणि बंद यांच्यामधलं जाड धड, आणि उच्चांक-नीचांकापर्यंत जाणारी वर-खालची बारीक वात. बंद भाव खुल्यापेक्षा वर असेल तर एक रंग, खाली असेल तर दुसरा. पद्धत जपानी. ओसाकातल्या दोजिमाच्या तांदूळ बाजाराला तिथल्या शोगुन सरकारने 1730 साली मान्यता दिली. तांदळाच्या पुढच्या सौद्यांचा तो पद्धतशीर वायदे बाजार. मेणबत्तीचं श्रेय साकाता गावच्या होम्मा मुनेहिसा या तांदळाच्या व्यापाऱ्याला देण्याची रीत आहे, पण त्याच्या काळी असे आलेख खरंच काढले जात का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पश्चिमेकडे ही पद्धत पसरली ती 1991 साली आलेल्या स्टीव्ह निसन यांच्या पुस्तकानंतर.

रंगांचं एक सांगायला हवं. प्लॉटली न सांगता वाढीला हिरवा आणि घसरणीला लाल रंग देते. जपान आणि चीनमध्ये उलट, तिथं लाल म्हणजे तेजी. आपल्याकडे हिरवी तेजी रुळली आहे खरी, पण सोन्याचा आलेख मुलीचं लग्न ठरलेल्या बापाला दाखवला, तर प्रत्येक हिरवी मेणबत्ती त्याच्या पोटात गोळा आणते. मी त्या आलेखाला निळा आणि केशरी घेतो. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांचीही त्यात सोय होते.

बंद भावाबद्दलही गैरसमज असतो. दिवसातला शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो बंद भाव, असं आपण धरून चालतो. भारतात मात्र शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी बंद भाव म्हणून धरण्याची रीत बरीच वर्षं चालत आली. शेवटच्या मिनिटाला कुणी एखादा वेडावाकडा सौदा केला, तरी दिवसाचा भाव बिघडू नये म्हणून. मेणबत्तीचं टोक आणि तुमच्या दलालाच्या पडद्यावरचा शेवटचा आकडा जुळत नसेल, तर गोंधळू नका.

कडा सपाट झाल्यावर मी त्याच आलेखात आणखी दोन चुका केल्या, आणि दोन्ही शिकवून गेल्या. पहिली तारखेची. आपल्याकडच्या तक्त्यात 03/12/2024 असं लिहिलेलं असतं, म्हणजे 3 डिसेंबर. पांडाजला आधी दिवस मग महिना असं बजावून सांगितलं नाही, तर ती अमेरिकी सवयीने तेच 12 मार्च वाचते. 3 डिसेंबरची माझी मेणबत्ती तिथून उठून मार्चमध्ये जाऊन बसली. चूक पकडायला अवघड अशासाठी, की रोजची फाइल वेगवेगळी वाचली, तर 13 ते 31 या तारखांना असा घोळ होत नाही, कारण तेरावा महिनाच नसतो. निम्म्याहून जास्त नोंदी बरोबर दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो.

दुसरी चूक सुट्ट्यांची. शनिवार-रविवार बाजार बंद, त्यामुळे दर पाच मेणबत्त्यांनंतर आलेखात दोन दिवसांचं खिंडार पडतं. प्लॉटलीत ते बुजवायची सोय आहे. शनिवारपासून सोमवारपर्यंतचा भाग वगळ असं सांगितलं, की मेणबत्त्या शेजारी-शेजारी येतात. जवळपास प्रत्येक शिकवणीत हेच सांगतात, मीही तेच केलं. आलेख देखणा झाला. मग लक्षात आलं, की 12 नोव्हेंबर 2023ची मेणबत्ती गायब आहे. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं आणि वार रविवार. लक्ष्मीपूजनाला शेअर बाजार मुहूर्ताच्या सौद्यांसाठी तासभर उघडतो, वार कोणताही असो. जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ज्या संध्याकाळी वहीपूजन चालू असतं, त्या वर्षी त्याच संध्याकाळचा तो तास होता. माझ्या लायब्ररीला रविवार म्हणजे सुट्टी एवढंच ठाऊक, कारण मी तिला तेवढंच सांगितलं होतं. 1 फेब्रुवारी 2025चा शनिवारही असाच हरवला. त्या दिवशी अर्थसंकल्प होता आणि बाजार चालू होता. म्हणून वारावर विसंबू नये. तक्त्यात ज्या तारखा खरोखर आहेत त्या घ्याव्यात, पहिल्या आणि शेवटच्या तारखेच्या मधल्या ज्या नाहीत त्यांची यादी करावी, आणि तीच प्लॉटलीला वगळायला द्यावी. तीन ओळींचं काम आहे.

शेअर मार्केटचं इथपर्यंत. पण खानदेशात ‘कितला भाव शे?’ हा प्रश्न शेअरबद्दल क्वचितच विचारला जातो. तो कापसाबद्दल, केळीबद्दल, ज्वारीबद्दल आणि सोन्याबद्दल असतो. मेणबत्ती काढायला शिकलेला माणूस प्रत्येक भावाची मेणबत्ती काढायला जातो. मीही गेलो, आणि बाजार समितीच्या पहिल्याच तक्त्यावर अडलो.

पुण्याच्या कृषी पणन मंडळाच्या रोजच्या तक्त्यात रकाने असतात: शेतमाल, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. यात खुला भाव नाही आणि बंद भावही नाही. लिलावात सकाळी पहिला ढीग कितीला गेला आणि शेवटचा कितीला, हे कुणी नोंदवत नाही. नोंदवलं तरी त्याचा अर्थ शेअरसारखा होणार नाही. शेअरचा सकाळचा नग आणि संध्याकाळचा नग एकच असतो. सकाळची पहिली ज्वारी स्वच्छ, टपोरी असेल आणि शेवटची पावसात भिजलेली. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांतलं अंतर वेळेचं नाही, प्रतीचं आहे. सर्वसाधारण दराला बंद भाव समजून, कालचा सर्वसाधारण दर आजचा खुला भाव धरून मेणबत्ती काढलेले आलेख मी पाहिले आहेत. दिसायला झकास, पण त्यांतलं धड निव्वळ कल्पनेतलं असतं. ज्या बाजारात खुला-बंद भाव नाही, तिथं मेणबत्ती काढू नये, हे माझं ठाम मत आहे.

त्याऐवजी पट्टा काढावा. कमीत कमी दराची एक रेघ, जास्तीत जास्त दराची दुसरी, मधली जागा फिक्या रंगाने भरलेली आणि तिच्यातून जाणारी सर्वसाधारण दराची ठळक रेघ. प्लॉटलीत वरच्या रेघेला ‘खालच्या रेघेपर्यंत भर’ असं सांगितलं की पट्टा तयार. त्याच्याखाली, त्याच तारखांवर, आवकेचे उभे खांब. पट्टा रुंद झाला म्हणजे त्या दिवशी बऱ्या-वाईट मालात मोठा फरक पडला. रुंद पट्टा आणि उंच खांब एकत्र आले, की समजावं, काढणीनंतर सगळा माल एकदम आवारात आला आहे. लिलाव नसलेल्या दिवशी रेघ तुटू द्यावी. लायब्ररीला सांगितलं तर ती दोन टोकं जोडूनही देते, पण बंद असलेल्या बाजारात भाव होता असं भासवण्यात काय अर्थ?

ज्वारीच्या आलेखाने मला हसवलं. अमळनेर, चोपडा, दोंडाईचा हा दादरचा मुलूख. रब्बीत पिकणारी ही खानदेशी ज्वारी भाकरीला गोड, आणि तिचा भाव हायब्रीडपेक्षा वेगळा. मी तक्त्यातून नुसती ‘ज्वारी’ उचलली. एकाच तारखेला हायब्रीडची एक नोंद, दादरची दुसरी. प्लॉटली ठिपके ज्या क्रमाने मिळतील त्या क्रमाने जोडते, त्यामुळे रेघ प्रत्येक दिवशी खाली-वर, खाली-वर. करवतीचे दाते. एखाद्या परक्याने तो आलेख बघितला असता, तर खानदेशात ज्वारीचा भाव प्रचंड अस्थिर आहे यावर लेख लिहिला असता. ‘जात/प्रत’ हा रकाना गाळून आलेख काढायचाच नाही, हा धडा तिथं मिळाला. केळीला तर तो दुप्पट लागू. नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी यांचे भाव वेगवेगळे. रावेर-यावलच्या केळीचा सौदा बांधावर होतो आणि नजर सीमेपलीकडच्या बऱ्हाणपूरच्या भावफलकावर असते. कोणती केळी आणि कुठला फलक, हे शीर्षकात लिहिलेलं नसेल, तर सावद्याचा शेतकरी त्या आलेखाकडे दुसऱ्यांदा बघणार नाही.

कापसाचा घोळ वजनाचा. शेतकरी कापूस क्विंटलने विकतो, म्हणजे सरकीसकट. जिनिंगमधून निघालेल्या रुईचा भाव खंडीवर चालतो, आणि खंडी म्हणजे सुमारे 356 किलो. 1860च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. तेव्हा मुंबईच्या बाजारात ज्या भावांनी माणसं श्रीमंत झाली आणि 1865 साली ज्या कोसळण्याने ती रस्त्यावर आली, ते भावही खंडीचेच. इंग्रजांनी खंडीचं ‘कँडी’ केलं. आज वायदे बाजारातल्या कापसाच्या सौद्याचं नाव ‘कॉटन कँडी’ आहे. आपली खंडी इंग्रजीत फिरून परत आली आणि नव्या पोरांना ती जत्रेतले म्हातारीचे केस वाटते. असो. कापसातून वजनाने साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, म्हणून एका खंडीला दहा-साडेदहा क्विंटल कापूस लागतो. रुईचा खंडीचा भाव आणि कापसाचा क्विंटलचा भाव एकाच पट्टीवर मांडले, तर शेतकऱ्याची रेघ तळाला चिकटून सरळ पडून राहते. लायब्ररी उजवीकडे दुसरी पट्टी द्यायला तयार असते, पण दोन पट्ट्या कशाही ताणून दोन रेघा हव्या तशा एकमेकींना बिलगवता येतात. मी त्या वाटेला जात नाही. रुईच्या भावाला साडेदहाने भागतो, सरकीची किंमत वेगळी धरतो आणि दोन्ही भाव क्विंटलवर आणतो.

त्या आलेखात हमीभावाची आडवी रेघ टाकायला विसरू नये. 2024-25च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला 7,521 रुपये होते, 2025-26ला 8,110. ही रेघ हंगामागणिक पायरीसारखी वर जाते. तिच्याखाली गेलेला पट्ट्याचा भाग वेगळ्या रंगाने भरला, तर शीर्षक देण्याची गरज उरत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. खानदेशात कापसाचा मोठा हिस्सा बाजार समितीच्या आवारात येतच नाही. व्यापारी गावात येतो, काटा लावतो आणि घरूनच माल उचलतो. या खेडा खरेदीची नोंद कुठल्या तक्त्यात नाही. आलेख आवारातल्या कापसाचा आहे, अंगणातल्या नाही.

उरलं सोनं. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात भाव तोळ्याने विचारतात, आणि व्यवहारात तोळा म्हणजे आता 10 ग्रॅम. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, त्यामुळे आजोबांच्या वहीतले आकडे आलेखात घ्यायचे तर ग्रॅमवर आणूनच घ्यावेत. भाव तीन टक्के जीएसटीसह की त्याशिवाय, हे ठरवून घ्यावं, कारण दुकानांच्या फलकांवर दोन्ही तऱ्हा दिसतात. 23 जुलै 2024ला अर्थसंकल्पात सोन्यावरची आयात जकात 15 टक्क्यांवरून 6 टक्के झाली आणि भाव एका झटक्यात उतरला. हा कडा मात्र खरा. तो भागाकाराने सपाट करायचा नाही, त्याच्यावर बाण दाखवून दोन शब्द लिहायचे. प्लॉटलीत कोणत्याही तारखेवर अशी टीप डकवता येते. विप्रोचा कडा पुसायचा आणि सोन्याचा ठेवायचा, हा निर्णय कोणतीच लायब्ररी घेऊन देत नाही. त्या दिवशी मालकाच्या हातातल्या मालाची किंमत खरोखर उतरली का, एवढं विचारलं की उत्तर मिळतं.

सोन्याच्या आलेखात आणखी एक खटकणारी गोष्ट. एप्रिल 2025मध्ये भाव लाखावर गेला आणि माझ्या उभ्या पट्टीवर ‘100के’ असं उमटलं. हजाराला ‘के’ म्हणायची ही परदेशी सवय, आणि आकड्यांतले स्वल्पविरामही तीन-तीन अंकांवर. लाख हा शब्दच प्लॉटलीला ठाऊक नाही. पट्टीवरच्या खुणा आणि त्यांचे शब्द हाताने लिहून दिले, की ‘1 लाख’, ‘1.10 लाख’ असं नीट येतं. बोट टेकवल्यावर येणाऱ्या चौकटीतला मजकूरही मराठीत लिहून देता येतो: ‘खुला’, ‘उच्चांक’, ‘नीचांक’, ‘बंद’. शेजारच्या सराफांना तो आलेख मोबाइलवर दाखवला, तेव्हा त्यांनी आधी ती चौकट वाचली आणि मग विचारलं, ‘भाऊ, यात घडणावळ धरली का?’ धरली नव्हती. तीही शीर्षकात लिहावी लागली.

शेवटी वीस-तीस वर्षांचे आलेख. विप्रोचा किंवा सोन्याचा लांबचा इतिहास साध्या पट्टीवर काढला, तर जुनी वर्षं जमिनीला लोळण घेतात आणि सगळी हालचाल अलीकडे झाल्यासारखी दिसते. त्यासाठी उभी पट्टी ‘लॉग’ करायची, एका शब्दाचा बदल. मग 100चे 200 होणं आणि 50,000चे 1,00,000 होणं ही सारख्याच उंचीची पायरी दिसते, कारण दोन्ही वेळा पैसा दुप्पट झाला. उलट महिनाभराच्या आलेखात बघणाऱ्याने बोटांनी ताणून एखादी दोन टक्क्यांची घसरण पडदाभर मोठी केली, तर ती हाहाकारासारखी दिसते. हलता आलेख वाचकाच्या हातात दिला, की हेही त्याच्याच हातात जातं. म्हणून मी आलेखाच्या माथ्यावर, निवडलेल्या काळात किती टक्के फरक पडला, ते आकड्यात लिहितो.

हे करून बघायचं असेल, तर पायथॉन फुकट आहे, दोन्ही लायब्रऱ्या फुकट आहेत आणि पणन मंडळाचे तक्ते सगळ्यांना खुले आहेत. सुरुवात आपल्या गावच्या बाजार समितीतल्या एका जातीच्या एका मालाने करा. शेअरचा आलेख काढाल, तर शनिवार-रविवार वगळण्याआधी पंचांग उघडा. 2026चं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, रविवारी.